मनातली श्रद्धा आणि अखेरचा निवाडा

म्हैसूरहून श्रीरंगपट्टण पंधरा-सोळा किलोमीटर. पर्यटकांची ठरलेली यादी असते : रंगनाथस्वामींचे मंदिर, दरिया दौलत बाग, हैदर आणि टिपू यांचा गुंबज, आणि टिपू जिथे पडला ती जागा. याच बेटावर आबे द्युब्वा यांच्या नावाने ओळखले जाणारे एक छोटे चर्चही आहे. तिकडे फारसे कुणी वळत नाही. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडल्यानंतर या भागात आलेल्या या फ्रेंच धर्मगुरूसमोर सुमारे दोन हजार माणसे येऊन उभी राहिली. ती सगळी पूर्वी ख्रिस्ती होती. मधली पंधरा वर्षे ती मुसलमान म्हणून जगली होती. त्यांचे म्हणणे एवढेच होते की आमचा धर्म बदलला तो वरवर. आत, मनात, ख्रिस्तावरची श्रद्धा तशीच राहिली आहे.

द्युब्वांनी त्यांना परत घेतले. मात्र त्यांच्या म्हणण्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, आणि पुढे चोवीस वर्षांनी लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकात त्यांनी तसे लिहूनही ठेवले. त्या दोन हजारांचे म्हणणे आणि धर्मगुरूचा तो अविश्वास, हा या लेखाचा विषय. श्रद्धा खरी की खोटी हे कोण ठरवणार? ख्रिस्ती धर्मात याचे एक उत्तर आहे : अखेरच्या दिवशी देव. पण तो दिवस येईपर्यंत माणसे थांबत नाहीत, आणि या लोकांच्या बाबतीत तर ती तीनदा थांबली नाहीत.

पहिला निवाडा गोव्यात झाला. श्रीरंगपट्टणला नेलेले बहुतेक लोक मंगळूर आणि त्याच्या आजूबाजूच्या कॅनरा भागातले, कोकणी बोलणारे. त्यांचे पूर्वज सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत टप्प्याटप्प्याने गोवा सोडून दक्षिणेकडे आले होते. कारणे अनेक होती : दुष्काळ, कर, साथी, मराठ्यांच्या स्वाऱ्या, आणि इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय. गोव्याचे हे न्यायालय १५६० मध्ये सुरू झाले, १७७४ मध्ये बंद पडले, १७७८ मध्ये पुन्हा उघडले आणि १८१२ मध्ये कायमचे मिटले. बाप्तिस्मा घेतलेला माणूस आतून खरोखर ख्रिस्ती आहे की घरात लपून जुनेच काही पाळतो, हे शोधून काढणे हे त्याचे मुख्य काम होते. आता मनात डोकावता येत नाही, म्हणून न्यायालयाने घरात डोकावायचे ठरवले. १७३६ च्या हुकूमनाम्यात नव्या ख्रिस्ती कुटुंबांना कोणकोणत्या गोष्टींची मनाई आहे याची लांबलचक यादी आहे. दारात तुळस नको, धोतर आणि चोळी नको, लग्नात देशी वाद्ये नकोत, पानसुपारी वाटायची नाही, आणि हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवायचा नाही. श्रद्धेची परीक्षा भाताच्या तपेल्यापर्यंत येऊन पोचली होती.

याच गोव्यात मनाकडे जाणारा दुसरा रस्ताही कुणीतरी काढला होता, तो मराठीतून. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात पोचले आणि १६१६ मध्ये रायतूरला त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा, आणि सांगायची रीत आपल्या पुराणिकाची. पोथ्या गेलेल्या माणसांना हातात काहीतरी हवे आहे हे स्टीफन्स यांनी ओळखले होते. सतराव्या शतकातल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, आणि त्यात कॅनराच्या ख्रिस्ती घरांचा वाटा मोठा आहे. तिथल्याच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालदान्यांनी १९०७ मध्ये मंगळुरात रोमन लिपीतली आवृत्ती काढली. घरी कोकणी बोलणाऱ्या माणसांनी धर्मकथेसाठी मराठी ओवी जपली, आणि ज्यांनी ती जपली त्यांच्याच पूर्वजांवर गोव्याच्या न्यायालयाचा संशय होता.

दुसरा निवाडा राजाने केला. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात मंगळूरच्या ख्रिस्त्यांनी इंग्रजांना मदत केली असा टिपू सुलतानाचा ग्रह झाला होता. युद्ध संपत आले असताना, १७८४ च्या फेब्रुवारीत, कॅनरातल्या ख्रिस्त्यांना एकदम धरण्याचा हुकूम सुटला. परंपरेने सांगितली जाणारी तारीख २४ फेब्रुवारी आहे. परंपरा त्या दिवसाला भस्म बुधवार म्हणते, कपाळाला राख लावून माणसाला त्याच्या मातीची आठवण करून देण्याचा दिवस. पाद्र्यांना हद्दपार केले गेले, देवळे पाडली गेली, जमिनी जप्त झाल्या. माणसांना घाट चढवून श्रीरंगपट्टणला चालवत नेले. किती माणसे? विल्क्स तीस हजार सांगतो, राइस ऐंशी हजार. टिपूच्या दरबारच्या बखरीत आणि द्युब्वांच्या लिखाणात साठ हजारांचा आकडा आहे. वाटेत आणि पुढच्या वर्षांत रोगराईने, उपासमारीने आणि लढायांत फार माणसे मेली. पुरुषांची सुंता झाली, नावे बदलली, तरुणांना अहमदी पलटणींत घातले.

टिपूचे नाव निघाले की आजही आपल्याकडे लगेच निकालपत्रे वाटली जातात, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. याच टिपूची शृंगेरीच्या शंकराचार्यांना लिहिलेली पत्रे १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याला मठात सापडली. १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या स्वारीतल्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला होता, आणि देवीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी टिपूने पैसा आणि साहित्य पाठवले होते. मराठी वाचकाला हा तपशील गिळायला जड जातो, पण तो खरा आहे. कॅनरातले बंदिवान खरे, शृंगेरीची मदतही खरी. शृंगेरीकडे बोट दाखवून मंगळूरचे दुःख पुसता येत नाही, आणि मंगळूरचे दुःख सांगताना शृंगेरी लपवताही येत नाही. ज्याला अशा दोन्ही गोष्टी एकत्र हातात धरवत नाहीत, त्याने माणसांचे निवाडे करण्याच्या भानगडीत पडू नये.

तिसरा निवाडा धर्मगुरूचा. झाँ-आंत्वान द्युब्वा हे दक्षिण फ्रान्सच्या आर्देश भागातले. पॅरिसच्या विदेश मिशन संस्थेचे धर्मगुरू म्हणून ते १७९२ मध्ये भारताकडे निघाले. आधी पुदुच्चेरी आणि आसपासच्या तमिळ मुलुखात त्यांनी काम केले, आणि टिपूच्या पाडावानंतर म्हैसूर राज्यात आले. देशी कपडे, पागोटे, दाढी आणि हातात बांबूची काठी असा त्यांचा वेष होता. लोक त्यांना दोड्ड स्वामी, म्हणजे मोठे स्वामी, म्हणत. हासनजवळ सात्तहळ्ळीला त्यांनी उघड्यावर पडलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी शेतीची वसाहत उभी केली. देवीच्या रोगावरची लस नवीनच निघाली होती. तिचा म्हैसूर राज्यात प्रसार करण्यात ते पुढे होते, आणि हजारो माणसांना त्यांच्या देखरेखीखाली टोचले गेले. आळशी किंवा दुष्ट माणसाची ही लक्षणे नव्हेत.

१८२३ च्या जानेवारीत त्यांनी भारत सोडला, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये भारतातल्या ख्रिस्ती धर्माच्या स्थितीविषयी त्यांची पत्रे इंग्रजीत प्रसिद्ध झाली. पुस्तक निराशेने भरलेले आहे. हिंदूंना ख्रिस्ती करणे माणसाच्या हातातले राहिलेले नाही, असे ते सांगतात. स्वतःच्या कामाचा हिशेबही ते लपवत नाहीत : एवढ्या वर्षांत, एका देशी धर्मगुरूच्या मदतीने, दोन-तीनशे माणसांचा बाप्तिस्मा झाला, त्यांतले बहुतेक अस्पृश्य, भिकारी, जातीबाहेर टाकलेले, काही लग्न जमावे म्हणून आले, काही अंगात भूत शिरले म्हणून, जे टिकले ते तर आपल्या कळपातले सर्वांत वाईट. स्वतःविषयी इतके कडू लिहिणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटतो. हिशेबात मांडलेल्या त्या भिकाऱ्यांबद्दल मात्र काळजात काहीतरी हलते. जगात कुठेच थारा नव्हता म्हणून ते देवाच्या दारात आले होते, आणि त्यांच्या गुरूने नेमके तेच कारण त्यांच्याविरुद्ध धरले.

श्रीरंगपट्टणच्या प्रसंगाविषयी ते आणखी कठोर होतात. इतक्या हजारांतून एकालाही हुतात्मा होण्याचे धैर्य झाले नाही, सगळे मुकाट्याने सुंतेला सामोरे गेले, ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात असा भ्याडपणा दुसरा नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. सुमारे दोन हजार जण आपल्याकडे परतले, वीस हजारांच्या आसपास मंगळूरकडे गेले आणि त्यांनी आपली देवळे पुन्हा उभारली, हे ते नोंदवतात. पण पुन्हा तीच वेळ आली तर हे पुन्हा तसेच करतील, अशी भीतीही ते शेवटी जोडतात.

हा निवाडा तपासून पाहायला हवा.

पहिली गोष्ट साक्षीदारांची. द्युब्वांसमोर आले ते जगलेले लोक. नेलेल्यांपैकी बहुतांश पंधरा वर्षांत मरून गेले होते. ज्यांनी नकार दिला असेल ते १७९९ मध्ये धर्मगुरूला भेटायला येणे शक्य नव्हते. जिवंत माणसांकडे पाहून ‘कुणीच मेला नाही’ म्हणणे हा हिशेबच चुकीचा आहे. आणि प्रतिकाराच्या खुणा अगदीच नाहीत असेही नाही. जेम्स स्करी हा इंग्रज त्या काळी श्रीरंगपट्टणात कैदी होता. त्याच्या आठवणी १८२४ मध्ये, म्हणजे द्युब्वांच्या पुस्तकानंतर वर्षभरात छापल्या गेल्या. आपल्या मुली सरदारांच्या हवाली करायला नकार देणाऱ्या ख्रिस्ती बापांचे नाक-कान कसे कापले गेले, हे त्यांत आहे. याला हौतात्म्य म्हणायचे की नाही हे धर्मशास्त्र्यांनी ठरवावे. भ्याडपणा म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट स्वतः स्करीची. त्याचीही जबरदस्तीने सुंता झाली होती, त्यालाही नवे नाव मिळाले होते, आणि त्याच्यासारखे आणखी कितीतरी गोरे कैदी होते. त्यांच्या आठवणी लंडनमध्ये विकल्या गेल्या त्या सोसलेल्या छळाच्या कहाण्या म्हणून. हातपाय धरून केलेल्या गोष्टीला इंग्रजाच्या बाबतीत छळ म्हणायचे आणि मंगळूरकराच्या बाबतीत धर्मद्रोह, या दोन मापांचा मेळ बसत नाही.

तिसरी गोष्ट जरा जपून सांगायला हवी. द्युब्वांनी फ्रान्स सोडले ते १७९२ साल. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पॅरिसच्या तुरुंगांत दोनशेहून अधिक धर्मगुरू कापले गेले; क्रांतीच्या राज्यघटनेची शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला होता. द्युब्वा मागे राहिले असते तर त्यांच्यावर काय ओढवले असते याची कल्पना करणे अवघड नाही. ते निघाले हा त्यांचा दोष नव्हे. ज्याच्या वाट्याला दूरचा प्रवास आला, त्याने ज्यांच्या वाट्याला श्रीरंगपट्टण आले त्यांना मरणाचा धडा द्यावा, एवढेच खटकते. मंगळूरच्या शेतकऱ्यासाठी बंदरात गलबत उभे नव्हते.

हा प्रश्न ख्रिस्ती धर्मात नवा नव्हता. सम्राट डेशियसने इसवी सन २५० च्या सुमारास साऱ्या प्रजेला रोमच्या देवांना बळी देण्याचा हुकूम केला. बळी दिल्याचे दाखले मिळत; तसे पपायरसवरचे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडलेही आहेत. हजारो ख्रिस्त्यांनी बळी दिला. काहींनी न देताच पैसे भरून दाखला मिळवला. छळ थांबल्यावर हे सगळे चर्चच्या दारात परत आले. रोममधल्या नोव्हेशियनने दार लावून घेतले : यांना क्षमा करायची की नाही ते अखेरच्या दिवशी देव पाहील, चर्चने त्यांना आत घेऊ नये. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः त्या छळात लपून राहिला होता, आणि त्याबद्दल त्याने बोलणीही खाल्ली होती. त्याने आणि कार्थेजच्या धर्मसभेने २५१ मध्ये मधला मार्ग काढला : ज्याने जसे केले तसे त्याला प्रायश्चित्त, पण दार उघडे. पुढे २५८ मध्ये वेळ आली तेव्हा सिप्रियन लपला नाही. त्याचा शिरच्छेद झाला. एकदा लपलेला माणूस पुन्हा लपेलच, हा द्युब्वांचा कयास त्याच्या बाबतीत खोटा ठरला.

‘देव पाहून घेईल’ या शब्दांत दोन अगदी उलटे अर्थ मावतात, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नोव्हेशियनसाठी त्याचा अर्थ होता : तोवर तू बाहेर उभा राहा. दुसरा अर्थ शुभवर्तमानातल्या निदणाच्या दाखल्यात आहे. गव्हाच्या शेतात शत्रूने निदण पेरले. चाकर उपटायला निघाले. धन्याने त्यांना थांबवले, कारण निदण उपटताना गहूही उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, असा त्याचा निर्णय. उत्तर आफ्रिकेत शुद्धांचे वेगळे चर्च मांडणाऱ्यांशी वाद घालताना ऑगस्टीनने हाच दाखला पुढे केला होता. अखेरच्या न्यायावर विश्वास ठेवायचा असेल तर त्याचे एक व्यावहारिक कलम असे निघते की आज तो अधिकार आपल्याकडे नाही. न्यायाचा दिवस देवाने राखून ठेवला आहे याचा अर्थ तो माणसाच्या हातून काढून घेतला आहे.

शास्त्रातली कठीण वचने झाकून हा प्रश्न सुटत नाही, हेही मान्य केले पाहिजे. जो मला लोकांसमोर नाकारील त्याला मीही पित्यासमोर नाकारीन, या आशयाचे ख्रिस्ताचे बोल मत्तयाच्या शुभवर्तमानात स्पष्ट आहेत. द्युब्वांच्या मनात ते असणार. पण ज्या पेत्राने हे ऐकले, त्यानेच त्या रात्री शेकोटीजवळ तीनदा नाकारले. तेही हातपाय बांधलेले नसताना, एका दासीच्या प्रश्नावर. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी ख्रिस्त त्याला भेटतो तेव्हा ‘का नाकारलेस’ असे विचारत नाही. माझ्यावर प्रीती आहे का, एवढेच तीनदा विचारतो. आणि पेत्राकडे पुरावा काहीच नाही. तो एवढेच म्हणू शकतो की माझे मन तुला ठाऊक आहे. श्रीरंगपट्टणचे दोन हजार लोक द्युब्वांना यापेक्षा वेगळे काय सांगत होते? पेत्राचे उत्तर ज्याने ऐकले त्याला मन दिसत होते, आणि द्युब्वांना दिसत नव्हते, एवढाच काय तो फरक.

मत्तयाच्याच पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायाचे चित्र आहे, मेंढरे आणि शेरडे वेगळी करण्याचे. ते नीट वाचले की दोन गोष्टी चकित करतात. एक, उजवीकडचे आणि डावीकडचे दोघेही निकाल ऐकून गोंधळतात. आपण काय केले किंवा केले नाही, हे कुणालाच माहीत नसते. दुसरी, तिथे विचारले जाते ते भुकेल्याला खाऊ घातले का, परक्याला घरात घेतले का, आणि तुरुंगात असलेल्याकडे गेलात का. बंदिवानाला ‘तू तुरुंगात काय कबूल केलेस’ असे तिथे कुणी विचारत नाही. बाहेर असलेल्यांना ‘तुम्ही त्याच्याकडे गेलात का’ असे विचारले जाते. या मापाने मोजले तर १७८४ ते १७९९ या वर्षांचा जाब त्या कैद्यांकडून घेण्याआधी बाकीच्या ख्रिस्ती जगाकडून घ्यावा लागेल. त्यांचे पाद्री घालवून दिलेले होते. पंधरा वर्षे मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, घंटा नाही. एवढे सगळे गेल्यावरही माणसे परत आली आणि आपण कोण ते सांगू लागली. मनात काहीच उरले नसते तर परतण्याची गरज काय होती? नवे नाव होते, नवा समाज होता, पंधरा वर्षांची सवय होती. मंगळूरकडे परतणाऱ्यांना गेलेल्या जमिनी परत मिळण्याची आशा असेल. पण द्युब्वांना हौतात्म्य दिसले नाही म्हणून श्रद्धाच दिसली नाही, आणि टिकून राहणे हीदेखील साक्ष असू शकते हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

याच संस्थेच्या पुढच्या पिढीतल्या एका धर्मगुरूला ते ध्यानात यावे, हा इतिहासाचा योगायोग. जपानमध्ये सतराव्या शतकात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. संशयितांना ख्रिस्ताची किंवा मारियेची प्रतिमा पायाखाली तुडवायला लावत. हजारोंनी तुडवली, घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली, आणि मुलांना गुपचूप बाप्तिस्मा दिला. सात-आठ पिढ्या असेच चालले. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतल्या नव्या चर्चमध्ये काही गावकरी आले आणि त्यांनी फादर बर्नार्ड पतीझाँ यांना हळूच सांगितले की आमचे आणि तुमचे मन एक आहे. पतीझाँ हे पॅरिसच्या त्याच विदेश मिशनचे. भारतातून परतल्यावर द्युब्वा या संस्थेचे प्रमुख झाले होते, आणि १८४८ मध्ये वारले. पतीझाँसमोर उभी असलेली माणसेही प्रतिमा तुडवणाऱ्यांचीच मुले-नातवंडे होती. त्यांना चमत्कार दिसला. द्युब्वांना साठ-सत्तर वर्षांपूर्वी जवळजवळ तसेच दृश्य दिसले होते, आणि ते खेदाने मान हलवत राहिले.

मग खऱ्या श्रद्धेचा प्रश्न विचारायचाच नाही का? विचारायचा, पण कुणाला, हे ठरवायला हवे. मराठीत याचे सर्वांत जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्या १८५८ मध्ये जन्मल्या त्या पश्चिम घाटातल्या गंगामुळच्या रानात, म्हणजे आजच्या कर्नाटकातच. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. लगोलग चर्चच्या मंडळींनी त्यांच्या श्रद्धेची झडती घेतली : त्रैक्य मानता का, बिशपांचा अधिकार मानता का. रमाबाईंनी त्या भगिनींना लिहिलेली पत्रे आज छापून उपलब्ध आहेत. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून आपण दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. दुसऱ्याने घेतलेली झडती त्यांनी नाकारली. मात्र पुढे हाच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि १९०७ च्या आपल्या साक्षीत जाहीर कबुली दिली की बाप्तिस्मा झाल्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हे त्यांच्याविषयी दुसऱ्या कुणी म्हटले असते तर ती निंदा झाली असती. त्यांनी स्वतः म्हटले, म्हणून ती साधना झाली.

आपल्याकडच्या भक्तिपरंपरेलाही हे परके नाही. संतांनी दांभिकाला फटकारे दिले ते खरे, पण सर्वांत कठोर शब्द त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवले. ‘माझी भक्ती खरी आहे का?’ या प्रश्नाने माणूस रात्री जागा राहतो. ‘तुझी भक्ती खरी आहे का?’ या प्रश्नातून गोव्याचे न्यायालय उभे राहते. प्रश्नाचे शब्द जवळजवळ सारखेच असतात.

द्युब्वांवरही शेवटचा शब्द आपण बोलायला नको. भारतीय रीतिरिवाजांवरच्या ज्या ग्रंथाने त्यांचे नाव झाले, तो कंपनी सरकारने विकत घेतला आणि १८१६ मध्ये लंडनमध्ये छापला. त्या ग्रंथाचा मोठा भाग आधीच्या पिढीतले जेझुइट फादर कर्दू यांच्या लिखाणावर आधारलेला आहे, हे १९८७ मध्ये सिल्विया म्यूर यांनी दाखवून दिले. म्हणजे इतरांच्या अप्रामाणिकपणावर इतके लिहिणाऱ्याच्या कीर्तीतही उसनवारी निघाली. पण लस टोचून वाचलेली मुले खरी होती, सात्तहळ्ळीची शेते खरी होती. आणि ज्या दोन हजारांवर त्यांचा विश्वास बसला नाही, त्यांना त्यांनी परत पाठवले नव्हते. त्यांचे पापनिवेदन ऐकून त्यांना पुन्हा मंडळीत घेतले होते. पुस्तक लिहिताना ते नोव्हेशियन झाले. दारात माणसे उभी होती तेव्हा त्यांनी सिप्रियनसारखे केले. या दोन द्युब्वांतला खरा कोणता हे ठरवायचा मोह मलाही होतो. पण तो निवाडा कापणीच्या दिवसासाठी ठेवलेला बरा.

आज मंगळूरकडे त्या परतलेल्यांचे वंशज मोठ्या संख्येने आहेत. म्हैसुरातही आहेत. सेंट फिलोमिना कॅथिड्रलमध्ये रविवारी गर्दी होते तेव्हा तिथे कोकणी, कन्नड, तमिळ, मलयाळम आणि इंग्रजी कानावर पडते. या चर्चची कोनशिला १९३३ मध्ये एका हिंदू राजाने, चौथ्या कृष्णराज वोडेयरांनी बसवली. त्याच वोडेयरांच्या पूर्वजांचे राज्य हैदर आणि टिपू यांनी आपल्या हाती ठेवले होते. दर रविवारी इथे म्हटल्या जाणाऱ्या विश्वासांगीकारात एक कलम असते की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल. लोक ते सवयीने म्हणतात. श्रीरंगपट्टणहून परतलेल्या माणसांना मात्र त्या शब्दांत भीतीपेक्षा दिलासाच अधिक सापडला असेल. तीनदा माणसांनी त्यांचा न्याय केला होता. चौथा करणारा निदान आतले पाहू शकणारा असेल, एवढीच त्यांची आशा होती.